चित्राखाली नुसतं 'बायबलमधील प्रसंग' लिहून भागत नाही

माननीय संपादक,

सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत युरोपातल्या जुन्या चर्चमधल्या चित्रांवर पानभर लेख आला होता. फोटो मोठे, छपाई स्वच्छ, मराठी पेपरात या विषयाला अख्खं पान मिळालं याचा मला खरंच खूप आनंद झाला आणि ते पान मी कापून ठेवलंय. पण लिहायला बसलोय ते वेगळ्या कारणाने. सगळ्या फोटोंखाली एकच ओळ आहे, 'बायबलमधील प्रसंग', आणि छापलेल्या चित्रांतले निम्म्याहून जास्त प्रसंग बायबलमध्ये नाहीतच. ही बारीकसारीक गोष्ट आहे असं मला वाटत नाही, कारण चित्र कुठल्या कथेवरून काढलंय हे माहीत नसेल तर त्यातलं अर्धं दिसतच नाही, नुसते झगे घातलेले लोक उभे आहेत एवढंच दिसतं. मी ठाण्यात शाळेत चित्रकला शिकवायचो, रिटायर झाल्यावर आता आर्ट कॉलेजची तयारी करणाऱ्या मुलांना कलेचा इतिहास शिकवतो, आणि ही अडचण मला वर्गात सतत येते.

तुम्ही पहिलाच जो फोटो छापलाय तो घ्या. इटलीतल्या पादुआ शहरातलं स्क्रोवेन्यी चॅपेल (चॅपेल म्हणजे छोटं प्रार्थनाघर), चित्रकार जोत्तो, साल साधारण १३०५. एक म्हातारा आणि एक प्रौढ बाई शहराच्या मोठ्या कमानीबाहेर एकमेकांना मिठी मारून चुंबन घेतायत, तिचा एक हात त्याच्या गालावर आहे, दोघांचे चेहरे इतके जवळ आणलेत की लांबून एकच चेहरा वाटतो. हे कोण? हे मरियाचे आईवडील, योवाकिम आणि ॲना, म्हणजे येशूचे आजी-आजोबा. आता बायबल उघडून बघा, चारही शुभवर्तमानं, म्हणजे मत्तय, मार्क, लूक आणि योहान यांच्या नावांची येशूची चरित्रं, चाळा, मरियाच्या आईवडिलांचं नाव कुठेच नाही, त्यांच्याबद्दल एक वाक्यसुद्धा नाही.

ही गोष्ट येते दुसऱ्या शतकातल्या एका ग्रीक पुस्तकातून, ज्याला याकोबाचं आद्य शुभवर्तमान म्हणतात. बायबलमध्ये कुठली पुस्तकं घ्यायची हे जेव्हा ठरलं तेव्हा हे बाहेर राहिलं. त्यात असं आहे की योवाकिम श्रीमंत आणि देवभक्त माणूस, पण मूलबाळ नाही. मंदिरात नैवेद्य घेऊन जातो तर त्याला सांगतात की ज्याला इस्राएलात संतान नाही त्याने पुढे येऊ नये. तो इतका दुखावतो की घरी न जाता सरळ रानात निघून जातो, ४० दिवस उपास करतो. इकडे ॲना बागेत बसलीय, समोरच्या झाडावर चिमण्यांचं घरटं दिसतं आणि ती रडते की पाखरांनाही पिल्लं होतात, जमिनीलाही पीक येतं, माझंच असं का. मग देवदूत दोघांनाही वेगवेगळं येऊन सांगतो, तो रानातून परत येतो, ती दारात जाऊन त्याच्या गळ्यात पडते. पुढच्या लॅटिन पुस्तकांत या दाराचं यरुशलेमचं सोनेरी दार झालं आणि जोत्तोने तेच काढलं.

मूल होत नाही म्हणून चारचौघांत अपमान होणं, शुभकार्यात बाजूला उभं करणं, हे आपल्याकडच्या कुठल्याही बाईला वेगळं समजावून सांगावं लागत नाही. माझ्या वर्गात ही गोष्ट सांगितली की मुलं गप्प होतात आणि मग चित्राकडे परत बघतात, आणि तेव्हा त्यांना त्या कमानीतली ती काळ्या कापडाने अर्धा चेहरा झाकलेली बाई पण दिसते जी बाकीच्या हसणाऱ्या बायकांत वेगळीच आहे. ती कोण यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही, पण प्रश्न तरी पडतो. 'बायबलमधील प्रसंग' एवढंच वाचून कोणाला प्रश्न पडणार आहे?

त्याच चॅपेलमध्ये याच्या आधीचं एक चित्र आहे ते तुम्ही छापलं नाहीत, पुढच्या वेळी जरूर छापा. योवाकिम देवळातून हाकलला जाऊन मेंढपाळांकडे येतो. मान खाली, हात अंगरख्यात गुंडाळलेले. दोन मेंढपाळ एकमेकांकडे बघतायत, यांना आता काय बोलायचं अशा नजरेने. आणि त्यांचा कुत्रा मात्र उडी मारून मालकाचं स्वागत करतोय, त्याला कसला अपमान आणि कसलं काय, मालक आला एवढंच त्याला कळतं. सातशे वर्षांपूर्वीचं चित्र आहे हे आणि मला आजही ते बघून गलबलून येतं. हा कुत्रा बायबलमध्ये नाही, त्या जुन्या ग्रीक पुस्तकातही नाही, हा जोत्तोचा. पण योवाकिमची गोष्टच नसती तर त्या कुत्र्याला यायला जागाच नव्हती ना. माझं सगळं म्हणणं खरं तर इथेच आहे. शुभवर्तमानांमध्ये प्रसंग अगदी थोडक्या शब्दांत येतात, घर कसं होतं, शेजारी कोण, आजी कशी दिसायची, लग्न कसं झालं, काही नाही. चित्रकाराला तर भिंत भरायची असते. त्या चॅपेलमध्ये देवदूत मरियाकडे येशूच्या जन्माचा निरोप घेऊन येतो तो बायबलमधला प्रसंग यायच्या आधी तब्बल १२ चित्रं आहेत आणि ती सगळी या बाहेरच्या कथांची आहेत.

तो निरोपाचा प्रसंग बायबलमध्ये आहे, लूकच्या पहिल्या अध्यायात. पण तिथेसुद्धा चित्रात बाहेरचं शिरलंय. रोममध्ये सांता मारिया माज्योरे नावाचं चर्च आहे, त्यातली मोझेइक, म्हणजे रंगीत तुकडे जडवून केलेली चित्रं, ५व्या शतकातली, साधारण ४३२ ते ४४०. तिथे देवदूत येतो तेव्हा मरिया जांभळ्या लोकरीचा धागा काढत बसलीय. लूक असं काही म्हणत नाही. ते याच याकोबाच्या पुस्तकात आहे की मंदिराच्या पडद्यासाठी सूत कातायचं काम मुलींना चिठ्ठ्या टाकून वाटलं आणि जांभळा आणि लाल रंग मरियाच्या वाट्याला आला. पूर्वेकडच्या चर्चच्या प्रतिमांत आजही तिच्या हातात टकळी आणि लाल धागा असतो. पश्चिमेकडे नंतर टकळी जाऊन पुस्तक आलं, ती वाचत बसलेली दाखवायला लागले. आता विद्यार्थ्याला टकळीचं माहीतच नसेल तर तो म्हणेल हातात काहीतरी काठी आहे बुवा, आणि पुढे जाईल.

राफाएलचं १५०४ चं लग्नाचं चित्र मिलानला आहे, त्याचं प्रिंट माझ्या क्लासच्या भिंतीवर लावलंय. मरिया आणि योसेफ यांच्या उजवीकडे, अगदी पुढे, एक तरुण गुडघ्यावर काठी मोडतोय आणि योसेफच्या काठीला मात्र फूल आलंय. नवीन मुलं हमखास विचारतात सर हा भांडतोय का. तो भांडत नाहीये, तो नाकारलेला उमेदवार आहे. गोष्ट अशी की मरियासाठी वर निवडताना सगळ्यांच्या काठ्या मंदिरात जमा केल्या, ज्याच्या काठीवर देवाची खूण उमटेल तो वर. जुन्या पुस्तकात काठीतून कबुतर बाहेर येतं, नंतरच्या कथांमध्ये फूल येतं, जोत्तोने तर दोन्ही घेतलं. हे एवढं सांगितलं की सगळं चित्र हलायला लागतं, कोण खूश, कोण नाराज, कोण नुसतं बघ्या.

नाताळचा गोठा आपल्या ठाण्यात किती सोसायट्यांत आणि घरांत मांडतात, त्याबद्दल पण थोडं. बैल आणि गाढव असल्याशिवाय गोठा पूर्ण वाटत नाही. लूकमध्ये गव्हाण आहे, जनावरं नाहीत. बायबलच्या पहिल्या भागात, म्हणजे जुन्या करारात, यशया संदेष्ट्याच्या पहिल्या अध्यायात ओळ आहे की बैल आपल्या धन्याला ओळखतो, गाढव धन्याच्या गव्हाणीला ओळखतं, तिथून ती जोडी आली आणि पुढे मत्तयच्या नावावर खपवलेल्या एका लॅटिन पुस्तकात ती थेट बाळाला नमस्कार करताना दाखवली. पण इथे एक गंमत बघा, मिलानच्या संत अँब्रोजच्या चर्चमध्ये चौथ्या शतकाच्या शेवटाची एक दगडी शवपेटी आहे, तिच्यावर बाळ आणि दोन बाजूंना बैल-गाढव कोरलेत, मरिया नाही, योसेफ नाही, पण जनावरं आहेत. आणि ते लॅटिन पुस्तक त्याच्या बरंच नंतरचं. म्हणजे दर वेळी आधी गोष्ट मग चित्र असंच होत नाही, कधी लोक चित्र बघूनच गोष्ट सांगायला लागतात. तसंच बाळाला भेटायला आलेल्या त्या ज्ञानी पुरुषांचं. मत्तय म्हणतो पूर्वेकडून ज्ञानी लोक आले, किती ते सांगत नाही, राजे होते असंही म्हणत नाही, नावं तर नाहीतच. भेटी तीन म्हणून माणसं तीन ठरली, आणि रावेन्नाच्या ६व्या शतकातल्या मोझेइकमध्ये त्यांच्या डोक्यावर गास्पर, मेल्कियोर, बाल्थाझार अशी नावं लिहिलेली आहेत.

आता मला माहितीये यावर दोन प्रकारची पत्रं तुम्हाला येणार.

एक म्हणणार, बायबलमध्ये नाही म्हणजे खोटं, मग एवढं काय कौतुक. हे म्हणणं काही नवीन नाही, खुद्द चर्चमध्येच हा वाद दीड हजार वर्षं चाललाय. संत जेरोम ४थ्या शतकात या कथांवर चिडलेला होता, विशेषतः जन्माच्या वेळी सुईणी आल्या होत्या या गोष्टीवर. ६व्या शतकातली एक यादी आहे जिच्यात अशी पुस्तकं नाकारलेली म्हणून एकामागून एक नोंदवलीत. १५६३ मध्ये कॅथलिक चर्चच्या ट्रेंट इथल्या परिषदेने चित्रांबद्दल ठराव केला की चुकीची शिकवण देणारी चित्रं नकोत, आणि त्यानंतर पश्चिमेकडच्या चित्रांतून सुईणी जवळपास गायब झाल्या, योसेफ जो आधी पांढऱ्या दाढीचा म्हातारा असायचा तो हळूहळू काळ्या केसांचा धडधाकट माणूस व्हायला लागला. तो म्हातारा होता तोही त्याच याकोबाच्या पुस्तकामुळे, तिथे तो पहिल्या बायकोची मुलं असलेला विधुर आहे, आणि बायबलमध्ये येशूच्या भावांचा उल्लेख येतो त्याचा अर्थ त्यातून लावला जायचा. बघा, एका माणसाची दाढी पांढरी की काळी यामागेसुद्धा केवढा वाद आहे. तरीही योवाकिम आणि ॲना राहिले, कारण लोकांना ते हवे होते. श्रद्धेच्या बाबतीत काय मानायचं ते ज्याने त्याने आणि ज्याच्या त्याच्या चर्चने ठरवावं, मी ख्रिस्ती नाही, मला त्यात बोलायचा अधिकारही नाही. मी फक्त एवढं म्हणतो की चित्र वाचायचं असेल तर ते ज्या गोष्टीवर उभं आहे ती गोष्ट लागते, ती ग्रंथात आहे का नाही हा वेगळा प्रश्न.

आणि हे आपल्याला कळायला काहीच अवघड नाही. वाल्मीकी रामायणात लक्ष्मणरेषा नाही. शबरीने बोरं चाखून मग रामाला दिली हे पण वाल्मीकीत नाही. पण कुठलंही कॅलेंडर, कुठलाही गणपतीतला देखावा, कुठलंही नाटक घ्या, रेषा आहे आणि बोरं आहेत, आणि कोणी त्या चित्राला खोटं म्हणत नाही आणि कोणी त्याखाली 'वाल्मीकी रामायणातील प्रसंग' असंही लिहू नये. एवढी साधी गोष्ट आहे. जी काळजी आपण आपल्या चित्रांबाबत घ्यावी असं मला वाटतं तीच दुसऱ्याच्या चित्रांबाबत घ्यावी.

दुसऱ्या प्रकारची पत्रं येतील ती व्हॉट्सॲप फॉरवर्ड वाचणाऱ्यांची, की चर्चने ही पुस्तकं हजारो वर्षं लपवून ठेवली वगैरे. लपवली कुठे हो, चर्चच्याच भिंतींवर आणि छतांवर रंगवून ठेवलीयत, सगळ्या गावाला दिसतील अशी. इस्तंबूलमधलं कोरा चर्च (आता ती मशीद आहे), १३१५ ते १३२१ च्या सुमाराचं काम, तिथे मरियाचं सगळं बालपण मोझेइकमध्ये आहे, तिची पहिली सात पावलं आहेत, आईवडील तिला मांडीवर घेऊन लाड करतायत असं एक दृश्य आहे जे मी फक्त फोटोत पाहिलंय आणि तरी विसरू शकत नाही. आणि बाजूच्या चॅपेलमध्ये पांढऱ्या कपड्यातला ख्रिस्त आदाम आणि हव्वेला मनगटाला धरून थडग्यांतून ओढून काढतोय, अगदी हिसका देऊन, पायाखाली नरकाची मोडलेली दारं आणि कुलपं-किल्ल्या विखुरल्यात. ही पाताळात उतरण्याची एवढी सविस्तर कथा निकोदेमसच्या नावाच्या, बायबलबाहेरच्या शुभवर्तमानात येते, बायबलमध्ये तिचा नुसता ओझरता इशारा आहे.

या कथा आपल्यापासून लांबच्या आहेत असंही नाही. ८ सप्टेंबरला मरियाचा जन्मदिवस, त्यानंतरच्या रविवारपासून वांद्र्याची माउंट मेरीची जत्रा, ठाण्याहून सगळ्या धर्मांचे लोक ट्रेनने मेणबत्त्या वाहायला जातात. मरियाचा जन्म बायबलमध्ये सांगितलेला नाही, ती गोष्ट त्याच याकोबाच्या पुस्तकातली. म्हणजे एवढी मोठी जत्रा ज्या प्रसंगाची आहे तोच बायबलबाहेरचा आहे.

आणि कुठल्याही कॅथलिक चर्चमध्ये जा, दोन्ही भिंतींवर क्रुसाच्या वाटेची १४ चित्रं असतात. तलावपाळीजवळच्या आपल्या जुन्या चर्चमध्ये मी वर्गातल्या मुलांना परवानगी घेऊन बसायला नेतो, शांत बसून बघायचं आणि मग बाहेर येऊन बोलायचं. सहाव्या चित्रापाशी एका मुलीने विचारलं होतं सर या बाईच्या रुमालावर तोंड कसं काय. ती वेरोनिका, येशू क्रूस घेऊन जाताना तिने त्याचा घाम पुसला आणि कापडावर चेहरा उमटला. चारही शुभवर्तमानांत ती नाही. येशू वाटेत तीन वेळा पडतो, तिसरं, सातवं आणि नववं चित्र, तेही नाही. १९९१ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी गुड फ्रायडेला फक्त बायबलमधल्या प्रसंगांची वेगळी क्रुसाची वाट सुरू केली तेव्हा त्यात वेरोनिका नव्हती. पण चर्चच्या भिंतीवरून तिला कोणी काढलं नाही, ती आपल्या जागी आहे. मेलेल्या मुलाला मांडीवर घेतलेली आई, मायकेलअँजेलोचं ते संगमरवरी शिल्प सगळ्यांना माहीत असतं, तो क्षणसुद्धा कुठल्याच शुभवर्तमानात लिहिलेला नाही. योहान म्हणतो आई क्रुसाजवळ उभी होती, बस. बाकीचं लोकांनी मनात पूर्ण केलं, कुठल्याही आईने काय केलं असतं तेच.

भारताचा तर या सगळ्यात थेट भाग आहे. संत थॉमसच्या हातात जुन्या चित्रांत सुताराचा गुण्या असतो, का, तर 'थॉमसची कृत्यं' या बायबलबाहेरच्या पुस्तकात तो बांधकाम करणारा म्हणून हिंदुस्थानात विकला जातो. राजा गोंडोफारेस त्याला महाल बांधायला पैसे देतो, हा ते सगळे गरिबांना वाटून टाकतो आणि राजाला सांगतो की तुझा महाल स्वर्गात बांधलाय. राजा त्याला तुरुंगात टाकतो, मग राजाचा मेलेला भाऊ परत येऊन सांगतो की महाल खरंच आहे, मी बघून आलो. फ्रान्समध्ये शार्त्रच्या कॅथेड्रलमध्ये रंगीत काचेच्या खिडकीवर ही गोष्ट आहे, म्हणजे १३व्या शतकातल्या फ्रेंच शेतकऱ्याने हिंदुस्थानचा राजा बघितला तो असा. बरीच वर्षं लोक म्हणायचे हा राजा काल्पनिक, पण १९व्या शतकात वायव्येकडे त्याच्या नावाची नाणीच सापडली. आणि उलट दिशेने, अकबरासाठी १६०२ मध्ये जेरोम झेवियर या जेझुइट पंथाच्या पाद्र्याने फारसीत येशूचं चरित्र लिहिलं त्यातही चार शुभवर्तमानांबाहेरच्या गोष्टी होत्या, आणि मुघल चित्रकारांनी त्याची चित्रं काढली, त्यातली एक चित्रमय प्रत अमेरिकेत क्लीव्हलंडच्या म्युझियममध्ये आहे.

पण मला सगळ्यात जास्त सांगायचंय ते ठाण्याचं, कारण ते आपल्या पेपरात फारसं कधी येत नाही.

१३२१ च्या एप्रिलमध्ये ठाण्यात चार फ्रान्सिस्कन, म्हणजे संत फ्रान्सिसच्या पंथाचे, साधू मारले गेले. तोलेंतिनोचा थॉमस, पादुआचा जेम्स, सिएनाचा पीटर आणि तिफ्लिसचा देमेत्रियस. समुद्रमार्गाने आले होते, पुढे जायचं होतं, ठाण्यात एका ख्रिस्ती घरात उतरले होते, काजीपुढे धर्मावरून वाद झाला आणि त्यातून हे घडलं. त्यांच्याबरोबर आलेला जॉर्डनस नावाचा डॉमिनिकन पंथाचा साधू त्या वेळी गुजरातकडे गेला होता, त्याने परत येऊन मृतदेह सोपाऱ्याला पुरले आणि पत्र लिहून ही बातमी कळवली. इथपर्यंत घटना. मग काही वर्षांत पोर्देनोनेचा ओडोरिक नावाचा आणखी एक फ्रान्सिस्कन साधू ठाण्याला आला, त्याने त्यांची हाडं गोळा करून चीनपर्यंत नेली, आणि १३३० मध्ये इटलीत परत जाऊन पादुआमध्ये आपला प्रवास सांगितला, दुसऱ्या साधूने तो लिहून घेतला. त्याच्या सांगण्यात गोष्ट वाढली. जेम्सला आगीत टाकलं तर तो जळला नाही, पुन्हा टाकलं तरी जळला नाही. वाटेत जहाज वाऱ्याशिवाय अडकलं तेव्हा एक हाड समुद्रात टाकलं आणि वारा सुटला.

आणि आता चित्र. सिएनाच्या सान फ्रांचेस्को चर्चमध्ये अँब्रोज्यो लोरेंझेत्तीचं १४व्या शतकातलं भित्तिचित्र आहे, फ्रान्सिस्कन साधूंचा शिरच्छेद. मधे उंचावर बसलेला राजा, एका बाजूला गुडघे टेकलेले साधू, दुसऱ्या बाजूला जमिनीवर मुंडकी, आणि बघणाऱ्यांत उंच टोकदार टोप्या घातलेले पूर्वेकडच्या चेहऱ्यांचे लोक, जे इटालियन चित्रात त्याआधी असे क्वचितच दिसतात. हा प्रसंग कुठला यावर अभ्यासकांत वाद आहे. कोणी म्हणतं आफ्रिकेतलं सेउता, कोणी म्हणतं मध्य आशियातलं अल्मालिक, आणि कोणी म्हणतं ठाणे. मला ठाण्याची बाजू पटते कारण मारलेल्यांतला एक सिएनाचाच होता, आणि आपल्या गावच्या माणसाची बातमी गावात किती वेगाने फिरते आणि किती वर्षं टिकते ते आपण बघतोच, पण मी याबाबतीत पक्षपाती आहे हे पण खरं. दुसरा साधू पादुआचा, जिथे जोत्तोने ते चुंबन रंगवून तेव्हा जेमतेम सोळा वर्षं झाली होती. जी प्रक्रिया योवाकिम-ॲनाच्या बाबतीत शेकडो वर्षांत झाली, आधी थोडी माहिती, मग लोकांच्या तोंडून वाढलेली गोष्ट, मग भिंत, ती ठाण्याच्या बाबतीत एका पिढीत घडताना कागदोपत्री दिसते. कला शिकणाऱ्या मुलाला याहून चांगलं उदाहरण कुठे मिळणार, आणि ते त्याच्या स्वतःच्या शहराचं आहे. पण वर्गात विचारलं तर आजपर्यंत एकाही मुलाला १३२१ चं ठाणे माहीत नव्हतं, किल्ला आणि पोर्तुगीज माहीत असतात, त्याच्या आधीचं काही नाही.

म्हणून विनंती अशी. चित्राखाली दोन शब्द जास्त लिहा. लूकमधला प्रसंग असेल तर लूक लिहा, बायबलबाहेरची कथा असेल तर तसं लिहा आणि जमलं तर कुठल्या पुस्तकातली ते द्या, जागा एका ओळीची लागते. नाताळच्या पुरवणीत गोठ्याचा फोटो येतोच, तिथून सुरुवात करता येईल. परीक्षांच्या गाईडमध्येही हेच 'बायबलमधील प्रसंग' छापलेलं असतं आणि मुलं ते पाठ करतात, तिथे माझं कोणी ऐकत नाही, पेपरात छापून आलं तर ऐकतील.

आणि ठाण्यावर एक स्वतंत्र लेख करा. जॉर्डनसची पत्रं आणि ओडोरिकचा वृत्तांत यांचं इंग्रजी भाषांतर हेन्री यूल यांनी १९व्या शतकातच करून ठेवलंय, ठाण्याचा भाग फार मोठा नाही, इतिहासाचा कोणी अभ्यासक तो मराठीत आणू शकेल. तुमच्याकडे असं कोणी असेल तर सिएनाच्या चित्राचं वर्णन आणि त्यातल्या माणसांचे कपडे, टोप्या, शस्त्रं यावरचा मजकूर मी लिहून देतो, मानधन नको.

आपला,
एक निवृत्त चित्रकला शिक्षक, नौपाडा, ठाणे